अहिराणी गाण्याखाली रॉक गिटार: रशीद ताहाला जमलं, आम्हाला का जमेना?

ऑक्टोपॅडवाला, अमळनेर
मंडळी, आमची बेंजो पार्टी आहे. लग्नसराईत रोज वरात. खालेदचं 'दीदी' आमच्या बेंजोवाल्या काकांना तोंडपाठ. ते अल्जेरियातलं आहे हे त्यांना मी परवा सांगितलं, तर "असू दे, वाजतं ना?" म्हणाले.
आता भाचा पुण्याहून इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलाय. अल्जेरियातून फ्रान्सला गेलेल्या रॉक गायक रशीद ताहाचं 'या रायाह' ऐकवलं आणि म्हणाला, मामा, असं अहिराणीत करू. बसलो. मावशी कानबाईचं (आमच्या खान्देशातली देवी) गाणं उचलते तोवर झकास. याने डिस्टॉर्शन (गिटारचा आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावून कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, मारली की मावशीच बेसूर वाटायला लागते. ती सुरात आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. मग बिघडतंय कुठं?

तापीकाठ
भो, मावशीला हात लावू नका. भांडण गंधाराचं, म्हणजे सरगममधल्या 'ग'चं आहे. मेजर-मायनर कॉर्डमध्ये गंधार असतो आणि गिटारचा गंधार फ्रेटला बांधलेला. मावशीचा बहुतेक कोमल आणि शुद्धच्या मधे कुठंतरी लागतो. अरबी मकामांतही (तिकडचे रागच म्हणा) असे मधले सूर असतात, म्हणून तिकडच्या गाण्याला रॉक जोडणाऱ्यांनाही हेच नडतं.
भाच्याला सांगा, गंधार काढून टाक. नुसता सा आणि प. रॉकवाले त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात आणि डिस्टॉर्शनवर तीच स्वच्छ वाजते, पूर्ण कॉर्डचा नुसता गाळ होतो. मधली जागा गाणाऱ्याला मोकळी. बेंजोलाही बटणंच, तेव्हा काकांनी मावशीच्या मागे मागे न वाजवता ती थांबली की उत्तर द्यावं.
ताहाचा प्रोड्यूसर स्टीव्ह हिलेज हा मूळचा ब्रिटिश रॉक गिटारिस्ट. तरी ताहाच्या गाण्यांत गिटार मालक होऊन बसत नाही. ब्रिटिश रॉक बँड क्लॅशचं १९८२ चं इंग्रजी गाणं ताहाने २००४ मध्ये अरबीत म्हटलं, तेही खरखरीत गळ्यानं. गळा गुळगुळीत केला असता तर मजा गेली असती.

लिंबायतकर (मूळ शिरपूर)
सुराचं वर आलंच. माझं म्हणणं गाण्याच्या निवडीबद्दल. 'या रायाह' ताहाचं नव्हे, दहमान अल हर्राशीचं. तोही अल्जेरियातून फ्रान्सला गेलेला, पॅरिसच्या कॅफेंत गायचा. गाणं परदेशी निघालेल्याला सांगतं: जाशील, थकशील, परत येशील. ताहा लहानपणी आईबापाबरोबर फ्रान्सला गेला, लियोंमध्ये बँड काढला, कारखान्यातही राबला. नव्वदच्या दशकात त्याने हे जुनं गाणं नव्या साजात काढलं तेव्हा त्याला त्यातला शब्द न् शब्द माहीत होता, अंगावर घेतलेला. मिश्रण त्यामुळे टिकलं.
आपल्याकडे तसा माणूस म्हणजे सुरतला लूमवर (यंत्रमागावर) गेलेला. इथे लिंबायत-उधन्यात अर्धी गल्ली अहिराणी बोलते. कानबाईला कशाला गिटार लावता? ते देवीचं गाणं, चांगलं चाललंय. सुरतच्या गाडीचं, कामाच्या पाळीचं, घरी पैसे धाडायचं गाणं बांधा. त्याला डिस्टॉर्शन शोभेल, लूमचा खडखडाट तरी दुसरं काय असतो?

ऑक्टोपॅडवाला, अमळनेर
तापीकाठ भाऊ, सा-प वर बसवलं. मावशी म्हणे, "आते बरं लागस." काकांना उत्तर द्यायचं काम मात्र पटलेलं नाही, ते सगळीकडेच वाजवतात.
लिंबायतकर, कानबाई सोडली. दोन कडवी तुम्हीच लिहून टाका ना, लूमवरचे शब्द आम्हाला येत नाहीत. आणि ऑक्टोपॅडवर दरबुकाचा (अरबी हातढोलाचा) आवाज लावू की आपली ढोलकीच ठेवू? भाचा दरबुका म्हणतोय, मला ढोलकीच बरी वाटते.