वजन नॉर्मल, पोट मात्र सुटलेलं, मग कुठलं माप खरं धरायचं?

चिंतातुर_लेक: बाबा ७१ वर्षांचे, उंची १६५ सेमी, वजन ६१ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) २२.४, एकदम नॉर्मल. पण हातपाय काटकुळे झालेत आणि पोट पुढे आलंय. रिपोर्टमध्ये उपाशीपोटी शुगर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १९०. मी काही म्हटलं की "वजन बरोबर आहे ना, पँट अजून ३४चीच लागते" म्हणून उडवून लावतात. काय करू?

जुना_खोडकर: पँटच्या नंबरावर जाऊ नका हो, पँट पोटाच्या खाली बसते!! टेप घ्या, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोब्बर मधे धरा, श्वास नॉर्मल सोडू द्या आणि मग वाचा. पोट आत ओढू देऊ नका, सगळे ओढतात (मी पण). आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांना ९० सेमी आणि बायकांना ८० ही लिमिट धरतात.

टेपवाली_ताई: वयस्कर माणसांत बीएमआय फसवतो, कारण वयानुसार स्नायू झिजतात आणि त्यांची जागा चरबी घेते, ती पण पोटात आत, लिव्हर-आतड्यांभोवती, मग काटा हलतच नाही. शिवाय म्हातारपणी उंची कमी होते, म्हणजे वजन तेच राहूनसुद्धा बीएमआय थोडा वर सरकतो. त्यापेक्षा कंबर भागिले उंची करून बघा, ०.५ च्या आत हवं, ०.६ च्या पुढे गेलं तर रिस्क जास्तच. आणि पोटरी पण मोजा, सगळ्यात जाड जागी. पुरुषांत ३४ सेमीच्या खाली आली तर स्नायू कमी झाल्याची शंका घ्यायची.

चिंतातुर_लेक: मोजलं. कंबर ९७!! भागाकार ०.५९, पोटरी ३२. बाबा टेपकडे बघतच राहिले. मग आता वजन उतरवायला लावू का, जेवण अर्धं करून?

टेपवाली_ताई: अजिबात नको, अर्धं जेवण केलं की आधी उरलेसुरले स्नायू जातील. प्रोटीन आणि खुर्चीवरून उठ-बस सारखे ताकदीचे व्यायाम, दोन्ही डॉक्टरांना विचारून. त्यांना कंबरेचा आकडा पण दाखवा, कारण कंबर, शुगर, ट्रायग्लिसराइड मिळून मेटाबोलिक सिंड्रोमच्या (म्हणजे हार्ट आणि डायबिटीसची रिस्क वाढवणाऱ्या गोष्टी एकत्र येणं) पाचातल्या तीन खुणा झाल्याच की. उरलेल्या दोन, बीपी आणि एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल), किती आहे?

चिंतातुर_लेक: एचडीएल ३८. बीपी उद्या सकाळी बघते.