आईबापांच्या सिनेमात रडू येतं ते नेमकं कुणासाठी?

एकपडदा

दादरला आमच्या ओळखीतल्या काही जणांनी मिळून परवा ‘सारांश’ पुन्हा पाहिला. महेश भट यांचा, १९८४ चा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शिवाजी पार्कात राहणारे निवृत्त शिक्षक प्रधान. मुलगा न्यूयॉर्कमध्ये लुटारूंच्या हातून मारला जातो आणि त्याच्या अस्थी सोडवून घ्यायला बापाला कस्टमच्या कचेरीत खेटे घालावे लागतात.

नंतर चर्चा ठेवली होती. तासाभरात अनुपम खेर, रोहिणी हट्टंगडी, पटकथा यांवर कुणी अवाक्षर काढलं नाही. जो उठला त्याने आपले वडील सांगितले. कुणाचे वडील पेन्शनच्या रांगेत, कुणाचे अतिदक्षता विभागात. दोघातिघांचे डोळे पाणावले आणि शेवटी सगळ्यांनी ठरवलं की सिनेमा थोर आहे.

सिनेमा थोर आहेच, पण या कारणाने नाही. रडू आलं म्हणजे सिनेमा जमला, हे समीकरण मला साफ अमान्य आहे. आईबाप हा विषयच असा आहे की नुसतं नाव काढलं तरी गळा दाटतो. ‘बागबान’ (२००३) घ्या. सख्खे चारही मुलगे एकाच साच्यातून काढल्यासारखे कृतघ्न, आणि पोटचा नसलेला मुलगा तेवढा सोन्यासारखा. तरी लोक हुंदके देऊन रडले. ते रडणं सिनेमाने कमावलेलं नव्हतं, लोकांनी घरून आणलं होतं.

‘सारांश’मध्ये खेर अवघे अठ्ठावीस वर्षांचे होते आणि साठीपुढचा माणूस उभा करत होते. माल सोडवायला आलेल्या लोकांच्या गर्दीत तो माणूस आपल्या मुलाच्या अस्थी मागतो, तेव्हा तो माझा बाप नसतो. तो प्रधान असतो, आणि त्याचं दुःख त्याचंच असतं. आपण मध्येच आपल्या वडिलांचा फोटो धरला की समोरचा माणूस दिसेनासा होतो.

परळची_पोर

असहमत. पूर्णपणे.

आम्ही दहा बाय बाराच्या खोलीत वाढलो. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तो आमच्या घरापुरता कधी मिटलाच नाही. त्या खोलीत कुणी रडायचं म्हटलं तर कुठे रडणार? मोरीत रडलं तरी शेजारी ऐकू जायचं. मुंबईत निम्म्या लोकांना रडायला जागा नाही. तिकीट काढून अंधारात बसणं हीच ती जागा. तुम्ही तिथेही विचारायला येणार, की बाई, हे अश्रू नक्की पटकथेसाठी ना?

१९९१ ला ‘माहेरची साडी’ आला तेव्हा आमच्या चाळीतल्या बायका टोळीने गेल्या होत्या. आईबरोबर मीही. आज तो सिनेमा मला सलग बघवणार नाही, इतका तो सोसणाऱ्या बाईला डोक्यावर घेतो. पण परत येताना आई तिच्या वडिलांबद्दल बोलली. तोपर्यंत ती माहेराबद्दल चकार शब्द काढत नसे. लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला पाठवताना तिच्या वडिलांनी एसटीच्या टपावर चढून स्वतः फणस बांधला. कंडक्टर ओरडत होता, तरी त्यांनी गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली. गाडी सुटली तेव्हा ते खाली उतरून तिच्या खिडकीकडे न बघता टपाकडेच बघत राहिले. हे सगळं आई रस्त्यात उभं राहून सांगत होती. मला त्या रात्री आजोबा मिळाले. असा सिनेमा वाईट कसा म्हणू?

एकपडदा

फणसाची गोष्ट वाचून मीही थांबलो. पण तिचं श्रेय तुमच्या आईला आहे आणि आजोबांना आहे. त्या दिवशी एखाद्या लग्नातली पाठवणी बघितली असती तरी हेच झालं असतं. कुलूप उघडणं आणि घर बांधणं यात मी फरक करतोय.

जुना_पार्लेकर

हा वाद आपल्याकडे हजार वर्षांचा आहे, म्हणून राहवत नाही.

काश्मिरी पंडित अभिनवगुप्तांनी भरताच्या नाट्यशास्त्रावरच्या ‘अभिनवभारती’ या टीकेत रसास्वादाची सात विघ्नं सांगितली आहेत. त्यातलं एक नेमकं हेच आहे: प्रेक्षकाने स्वतःच्या सुखदुःखात बुडून जाणं. रंगमंचावर शोक चाललाय आणि मला माझ्या घरचा शोक आठवला, तर मी रसिक राहत नाही, नुसता दुःखी माणूस उरतो. त्यावरचा उपाय म्हणून संगीत, नृत्य, रंगमंचाची सजावट हे सगळं येतं, म्हणजे प्रेक्षक स्वतःला विसरेल. इथपर्यंत एकपडदा यांचा मुद्दा शास्त्रशुद्ध आहे.

पण तेच अभिनवगुप्त पुढे म्हणतात की ज्याच्या मनात तो भाव वासनारूपाने, म्हणजे जुना संस्कार होऊन, आधीपासून मुरलेला नाही त्याला रस मिळतच नाही. तेव्हा आठवण हवी, पण ती नावगाव पुसलेली हवी. माझा बाप नव्हे, बापपण.

आणि तरीही मला शाकुंतलाचा चौथा अंक आठवतो. कण्व स्वतः संसारी नाहीत, शकुंतला त्यांची सांभाळलेली मुलगी. तिला पाठवताना ते म्हणतात की माझ्यासारख्या रानातल्या माणसाची ही अवस्था, तर संसारी माणसाचं लेक सासरी जाताना काय होत असेल! समोर बसलेले सगळे संसारीच असणार, हे कालिदासाला ठाऊक नव्हतं? त्याने मुद्दाम प्रत्येक बापाला हाक मारली आहे.

कर्जत_स्लो

पार्लेकर, नावगाव पुसलेली आठवण मला काही जमत नाही. माझी आठवण नावगावासकट येते आणि तिच्यामुळेच मला सिनेमा दिसतो.

मकरंद माने यांचा ‘बाप ल्योक’ (२०२३) बघत होतो. मुलाचं लग्न ठरलंय आणि बाप-मुलगा मोटारसायकलवरून गावोगाव पत्रिका वाटत हिंडतायत, एवढीच गोष्ट. शशांक शेंडे बाप आहेत. आमच्याकडे मोटारसायकल नव्हती, आम्ही लोकलने वाटल्या. कर्जतपासून गिरगावपर्यंत. दादा, म्हणजे माझे वडील, गाडीत बसायला मिळालं की मांडीवर पिशवी घेऊन पत्रिकांवर नावं घालायचे. गाडीच्या हिसक्याने अक्षर वाकडं गेलं तर ती पत्रिका बाजूला काढून नवीन घ्यायचे, “वाकड्या अक्षरात बोलावणं करायचं नसतं.” प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू त्यांनीच लावलेलं. एका आत्याच्या घराला कुलूप होतं. मी म्हटलं, शेजारी देऊन जाऊ. ते जिन्यात बसून राहिले. मला त्या वेळी भयंकर राग आला होता.

सिनेमातल्या बापलेकांचं एकमेकांवर कुरकुरणं, मध्येच गप्प होणं मी त्या जिन्यासकट बघितलं. ज्याने कधी बापाबरोबर पत्रिका वाटल्या नाहीत त्याला त्या गप्प बसण्यात काय चाललंय ते किती दिसलं असेल?

कोरडे_डोळे

मी इथे क्वचित लिहिते. आज लिहावंसं वाटतंय कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली आहे, की आईबाप आठवले की ऊरच भरून येणार.

माझ्या आईने मला कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, इतकंच. दहावीचा निकाल घेऊन घरी आले तेव्हा ती भावाच्या शर्टाला बटण लावत होती. मान वर न करता म्हणाली, “टेबलावर ठेव.” रात्री जेवायला बसलो तेव्हा त्या गुणपत्रिकेवर भाजीची ओली पिशवी होती.

आईवरच्या सिनेमाला सगळं थेटर हुंदके देत असतं तेव्हा मी सरळ बसलेली असते. बरोबरच्या मैत्रिणी बाहेर आल्यावर विचारतात, तुला काहीच कसं झालं नाही गं? मला खूप काही झालेलं असतं. आपल्या पडद्यावर आई बहुतेक वेळा एकाच मापाची शिवलेली असते: त्याग करणारी, वाट बघणारी, शेवटचा घास मुलाला देणारी. ज्यांची आई तशी नव्हती त्यांना तो सिनेमा आठवण देत नाही, जाब विचारतो. तुझं काय चुकलं म्हणून तुला अशी मिळाली नाही? परळच्या ताई, अंधारात रडायला मिळतं हे खरं. पण त्याच अंधारात काहींना एकटं पाडलं जातं, तेही लिहिलं पाहिजे.

परळची_पोर

लिहिलंत ते बरं केलंत. त्या ओल्या पिशवीवर मला काही उत्तर नाही.

एकपडदा

कोरडे डोळे, मला जे नीट मांडता आलं नव्हतं ते तुम्ही मांडलंत. लोकांच्या आठवणींवर पोसलेला सिनेमा बहुसंख्यांच्या आठवणींवर पोसला जातो. बाकीचे बाहेर. ‘किल्ला’ पाहिलात का? अविनाश अरुण यांचा, २०१५ ला इथे लागला. नवरा गेलेला, बदलीची सरकारी नोकरी, कोकणातलं परकं गाव आणि रुसलेला मुलगा. अमृता सुभाषची ती आई त्यागाची मूर्ती नाही. ती थकलेली आहे आणि कधीकधी तिचं मुलाकडे लक्ष नसतं.

कोरडे_डोळे

पाहिलाय. म्हणूनच तो मला सहन झाला. तिचं लक्ष नसण्याला कारण दिसतं. माझ्या आईच्या लक्ष नसण्याला कारण असेल का, हा प्रश्न मला पहिल्यांदा तिथे पडला. तिला माफ केलं असं नाही, पण प्रश्न पडला.

कर्जत_स्लो

मग एकपडदा, हे तर तुमच्या विरुद्ध गेलं ना? त्यांना सिनेमातून स्वतःचीच आई दिसली. समोरचं माणूस काही दिसेनासं झालं नाही.

वॉर्ड_सिस्टर

मी परळला लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात काम केलंय. ‘श्वास’ (२००४) बघताना मला माझे कुणीच आठवले नाहीत. नातवाच्या डोळ्याचा कॅन्सर, डोळे काढावे लागणार, आणि ऑपरेशनआधी आजोबा त्याला हॉस्पिटलातून गुपचूप बाहेर नेतात, त्याला जग बघून घेता यावं म्हणून. मला आठवले बिहारचे, विदर्भाचे, आसामचे आईबाप, ज्यांची भाषाही मला येत नव्हती. वॉर्डात ते रडत नाहीत. पोरासमोर हसतात, गाडी गाडी खेळतात, मग पाणी आणायला म्हणून जिन्यात जातात. अरुण नलावडेंच्या चेहऱ्यावर मला तोच जिना दिसला. आठवण म्हणजे आपल्याच घरची, असं का धरून चाललाय सगळे?

नळकोंडाळं

एक वेगळाच मुद्दा. सिनेमा आठवण जागी करतो म्हणता, पण तो आठवण घडवतोही.

‘श्यामची आई’ माहीत नाही असं मराठी घर विरळा. अत्र्यांचा १९५३ चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्यालाच मिळालं. त्यातला ओल्या पायांचा प्रसंग, पायाला माती लागू नये म्हणून आई ओचा धोंड्यावर पसरते तो. माझा धाकटा भाऊ शपथेवर सांगतो की आमची आई त्याच्यासाठी अगदी असंच करायची. आम्ही लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहायचो. सार्वजनिक मोरी, शहाबादी फरशी. धोंडा कुठून आणणार?

बार्टलेट नावाच्या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ च्या पुस्तकात हेच दाखवलंय. एक परकी लोककथा वाचायला देऊन काही काळाने पुन्हा सांगायला लावली, तर लोक ती नकळत आपल्या ओळखीची करून सांगायचे. कथेतली कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद नाव, साधी होडी व्हायची. आठवण ही डब्यात भरून ठेवलेली वस्तू नाही, दर वेळी ती नव्याने रचली जाते. आणि आईची आठवण रचताना हाताशी सिनेमाचं सामान भरपूर असतं. भावाला मी टोकत नाही. त्याच्या वाट्याला आई फार थोडी वर्षं आली.

जुना_पार्लेकर

याला जोडून. ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा मी डॉ. लागूंचे बेलवलकर पाहिले आणि मुलगी-सुनेवर संतापलो. नाना पाटेकरांचा सिनेमा २०१६ ला आला तोवर मी स्वतः मुलीच्या घरी राहायला आलो होतो. या वेळी मला म्हाताऱ्याचा हट्टही दिसला आणि घरात त्याला सांभाळणाऱ्यांची दमछाकही. गोष्ट तीच होती, मी बदललो होतो.

एकपडदा

हेच तर म्हणतोय मी. बदललात तुम्ही, कलाकृती नाही. मग त्या रडण्यावरून तिची किंमत कशी ठरवणार?

परळची_पोर

ठरवता येते. शिरवाडकरांनी दोन्ही बाजू लिहून ठेवल्या होत्या म्हणून पार्लेकरांना इतक्या वर्षांनी दुसरी सापडली. ‘बागबान’मध्ये वयाच्या कुठल्याही टप्प्यावर जा, मुलांची बाजू सापडणार नाही. एवढं मी तुमच्याशी मान्य करते.

पण तुमच्या त्या चर्चेतले लोक सिनेमा सोडून भलतं बोलत होते, हे मला पटत नाही. पटकथा, छायाचित्रण हे शब्द सगळ्यांकडे नसतात, वडील असतात. पुढच्या वेळी त्यांना गप्प करू नका. एवढंच विचारा: वडील नेमके कुठल्या क्षणी आठवले? प्रधान कचेरीत शिरले तेव्हा, टेबलावर हात ठेवला तेव्हा, आवाज चढला तेव्हा की आवाज बसला तेव्हा? उत्तर द्यायला त्यांना सिनेमाकडे परत जावंच लागेल.

एकपडदा

विचारतो. ‘सारांश’ पाहिलेल्या दोघांना आत्ताच फोन करून विचारलं. दोघांनीही आवाज बसला ती जागा सांगितली. ‘बागबान’वर रडलेल्यांनाही विचारणार आहे, उत्तरं इथेच लिहीन.