मेलचा स्नॅपशॉट कमांड लाइनवरून माउंट करणं बंद करावं का?

फोर्टचा अ‍ॅडमिन
ऑफिसात नवं बॅकअप सॉफ्टवेअर आलंय आणि फर्मान निघालंय: उडालेली मेल यापुढे फक्त त्याच्या कन्सोलवरूनच परत आणायची. मला हे अजिबात पटलेलं नाही. आमचा सर्व्हर साधा: डव्हकॉट (मेल सर्व्हर), मेलडिर (मेल साठवायची रचना), खाली एलव्हीएमवर (डिस्कची जागा वाटणारा थर) एक्सएफएस (फाइलसिस्टीम). स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीचं डिस्कचं चित्र, रोज रात्री पडतोच. तो माउंट करायचं, म्हणजे फोल्डरसारखा जोडायचं, काम एका ओळीचं:

माउंट -ओ आरओ,नोयूयूआयडी,नोरिकव्हरी /डेव्ह/व्हीजी०/मेल_स्नॅप /एमएनटी/स्नॅप

नोयूयूआयडी विसरलात तर एक्सएफएस माउंट करायला नकार देतं, कारण त्याच यूयूआयडीचा (ओळख क्रमांकाचा) मूळ व्हॉल्यूम आधीच चालू असतो. मेलडिरमध्ये एक मेल म्हणजे एक फाइल. ग्रेप मारून मेल शोधा, डव्हकॉटच्या डव्हअ‍ॅडम इम्पोर्टने तेवढीच मेल खात्यात टाका, अनमाउंट. आमच्या कन्सोलला अख्खा मेलबॉक्स ओढल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय कुर्ल्याला लोकल अडकली असताना फोनवरून एसएसएच (दुरून कमांड लाइन) चालतं. कन्सोलचं लॉगिन पानही उघडत नाही.

महापेकर
नोरिकव्हरी इतकं बिनधास्त? जर्नल (अपुऱ्या राहिलेल्या बदलांची नोंद) न लावता माउंट केलंत तर अर्धवट लिहिलेल्या डिरेक्टऱ्या दिसू शकतात. मग ‘मेल सापडली नाही’ असं कळवून मोकळे होणार.

फोर्टचा अ‍ॅडमिन
एलव्हीएम स्नॅपशॉट घेताना फाइलसिस्टीम क्षणभर गोठवतं, त्यामुळे आमच्याकडे तो धोका जवळपास नाही.

महापेकर
तुमच्याकडे. स्टोरेज बॉक्सवरून थेट घेतलेल्या स्नॅपशॉटला सर्व्हरवर काय चाललंय याचा पत्ता नसतो. तिथे आधी एक्सएफएस_फ्रीझ (गोठवायची कमांड) हवंच. आणि एलव्हीएमचा जुन्या पद्धतीचा स्नॅपशॉट काम झाल्यावर काढायला विसरलात, तर राखीव जागा भरली की तो बाद होतो. तोवर मूळ व्हॉल्यूमवरचं लिखाणही हळू होतं ते वेगळंच. कन्सोल निदान मुदत संपली की स्वतः काढून टाकतो.

एक्सचेंजवाला, अंधेरी
तुमची एक ओळ मेलडिरच्या जिवावर आहे हो. आमच्याकडे मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज. विंडोजच्या डिस्कशॅडोमध्ये स्नॅपशॉट एक्स्पोज करून ड्राइव्ह लेटर मिळतं, इथवर सोपं. मग डेटाबेसची स्थिती बघायला ईएसईयूटिल /एमएच मारलं की ‘डर्टी शटडाउन’, म्हणजे डेटाबेस नीट बंद झालेला नाही. लॉग लावायचे तर डेटाबेसमध्ये लिहावं लागतं, म्हणून आधी ईडीबीची (डेटाबेस फाइलची) कॉपी, मग रिकव्हरी डेटाबेस, मग रिस्टोअर रिक्वेस्ट. हे रात्री दोनला हाताने टाइप करणाऱ्याला माझा दुरूनच नमस्कार.

ऑडिटवाली
तुम्ही सगळे वेगाचं बोलताय. एका माणसाची एक मेल हवी आणि माउंट काय होतं, तर सगळ्या कंपनीच्या पेट्या! रूटला (सर्वाधिकारी खात्याला) एचआरपासून एमडी साहेबांपर्यंत सगळं उघडं. कोणी काय वाचलं याची नोंद कुठे? आता डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आहे. असा प्रश्न उद्या कोणी विचारलाच तर शेलची हिस्टरी (टाइप केलेल्या कमांडची यादी) दाखवणार का? ती तर पुसताही येते.

फोर्टचा अ‍ॅडमिन
कन्सोलचा अ‍ॅडमिनही कोणाचीही पेटी उघडू शकतो, बाई. पण नोंदीचा मुद्दा बरोबर आहे. रूट शेल काढा, सुडोमधून (ठरावीक कमांडपुरते रूटचे अधिकार) एकच स्क्रिप्ट द्या: खात्याचं नाव आणि तिकीट नंबर घेईल, तेवढंच फोल्डर दाखवेल, लॉग दुसऱ्या सर्व्हरवर पाठवेल आणि शेवटी स्नॅपशॉट काढेल. त्यासाठी कमांड लाइन बंद कशाला?

ऑडिटवाली
चालेल. फक्त स्क्रिप्ट लिहिणारा आणि चालवणारा एकच माणूस नको, एवढं लेखी द्या.

महापेकर
आयटीत माणसं दोन, त्यातला एक गणपतीला कोकणात. करा वाटणी.