दोन ई-मेल प्रोग्राम आणि एकच मॅपी३२.डीएलएल

प्रश्न
आमच्या कचेरीत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी राखून ठेवलेला विंडोज एक्सपीचा एक संगणक असून त्यावर आउटलुक आणि थंडरबर्ड हे दोन्ही प्रोग्राम आहेत. बिले काढण्याचा एक जुना प्रोग्राम बसवल्यापासून, फाइलवर उजवी क्लिक करून ‘सेंड टू’मधून ‘मेल रेसिपियंट’ निवडल्यास काहीच घडत नाही. आउटलुक स्वतंत्रपणे उघडले की मात्र पत्रव्यवहार सुरळीत चालतो. सिस्टम३२ फोल्डरातील मॅपी३२.डीएलएल (इतर प्रोग्रामना ई-मेल प्रोग्रामशी जोडणारी, अनेक प्रोग्राम वापरतात अशी सामाईक फाइल) या फाइलची तारीख आणि आकार बदललेला दिसतो. शेजारच्या विंडोज १० वरून ती फाइल आणून येथे टाकावी काय?

उत्तर १
कृपया तसे करू नये. ६४ बिटच्या विंडोजवर सिस्टम३२ मधील फाइल ६४ बिटची असते (३२ बिटच्या फाइली सिसवाव६४ मध्ये असतात, नावांचा हा घोळ आजही अनेकांना चकवतो) आणि ३२ बिटचा प्रोग्राम (तुमच्या एक्सपीवरचे बहुधा तसेच आहेत) ती उघडूच शकत नाही.

उत्तर २
मुळात मॅपी३२.डीएलएल स्वतः पत्र पाठवत नाही. ती रजिस्ट्रीमधील (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) ‘क्लायंट्स’खालच्या ‘मेल’ या नोंदीत मुख्य ई-मेल प्रोग्राम कोणता आहे ते पाहते आणि त्याच्या ‘डीएलएलपाथ’मध्ये दिलेल्या फाइलकडे काम सोपवते. थंडरबर्डची अशी फाइल त्याच्या स्वतःच्याच फोल्डरात राहते आणि हीच रीत योग्य आहे. काही जुने प्रोग्राम मात्र सामाईक फाइलच्या जागी आपलीच फाइल ठेवून देत, आणि तुमच्याकडे बहुधा तेच घडले आहे.

सध्याच्या फाइलची एक प्रत बाजूला ठेवून ‘रन’मध्ये फिक्समॅपी हा विंडोजमधलाच छोटा प्रोग्राम चालवा. कोणतीही खिडकी उघडणार नाही, त्याने घाबरू नका. परकी फाइल हटवून मूळची परत बसवणे एवढेच त्याचे काम आहे. त्यानंतर बिलांचा प्रोग्राम अडला, तरच ती प्रत त्या प्रोग्रामच्या फोल्डरात ठेवा, कारण विंडोज डीएलएल शोधताना प्रथम प्रोग्रामचे स्वतःचे फोल्डर पाहते. कर्नल३२ सारख्या विंडोजच्या ठरावीक मूलभूत फाइलींना मात्र ही युक्ती लागू पडत नाही.

प्रश्नकर्ता
फिक्समॅपीनंतर ‘सेंड टू’ चालू झाले, पण पत्र थंडरबर्डमध्ये उघडले. ‘इंटरनेट ऑप्शन्स’च्या ‘प्रोग्राम्स’मध्ये ई-मेलसाठी आउटलुक निवडल्यावर तेही जागेवर आले. बिलांचा प्रोग्राम मात्र खरोखरच अडला, म्हणून जुनी प्रत त्याच्या फोल्डरात ठेवली आहे. आज दुपारपासून बिले निघत आहेत.