मदत हवी आहे : कार्बन डायऑक्साइडवर चालणारे पहिले पिस्तूल, त्याची झडप आणि आपला उन्हाळा

नमस्कार मंडळी,

येत्या विज्ञान दिनाला आमच्या गावच्या वाचनालयात शाळकरी मुलांसमोर द्रवरूप वायू या विषयावर बोलायचे आहे. त्यासाठी मी वायूवर चालणाऱ्या पिस्तुलांचा आरंभीचा इतिहास जुळवत असून दोन ठिकाणी मला जाणकारांची मदत हवी आहे.

हा शोध अमेरिकेतील क्रॉसमन कंपनीचा, असे पुष्कळदा लिहिले जाते आणि ते मला अन्यायाचे वाटते. तिच्या कितीतरी आधी, 1889 च्या सुमारास, पॉल जिफार या फ्रेंच अभियंत्याने द्रवरूप कार्बन डायऑक्साइडवर चालणारी बंदूक व पिस्तूल सिद्ध केले होते. (1852 मध्ये वाफेच्या इंजिनावर फुग्यासारखे तरंगणारे वायुजहाज उडवणारे आंरी जिफार हे त्याचे थोरले बंधू.) सेंट एतिएन या शस्त्रांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी ही हत्यारे तयार होत. नळीखाली वायूचे पोलादी नळकांडे बसवलेले असे. चाप ओढला की घोडा झडपेच्या दांड्यावर आदळे, झडप क्षणभर उघडे आणि सुटलेला वायू शिशाची गोळी पुढे ढकले. जोर कमीजास्त करण्यासाठी एक स्क्रूही होता.

या कल्पनेचे मर्म मला मुलांना नीट दाखवायचे आहे. 1780 च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या सैन्यात आलेल्या जिरार्डोनीच्या हवेच्या बंदुकीत दाबलेली हवा होती, त्यामुळे प्रत्येक गोळीनंतर दाब उतरत जाई. जिफारच्या नळकांड्यात मात्र द्रव शिल्लक आहे तोवर त्याची वाफ होत राहते आणि दाब जवळपास तेवढाच टिकतो. 20 अंश सेल्सिअसला तो सुमारे 57 बार, म्हणजे भोवतालच्या हवेच्या दाबाच्या पन्नासपटीहून अधिक असतो. घरच्या सोडा सायफनला लागते तसले 8 ग्रॅमचे नळकांडे मी परवा टोचून पाहिले. हाताला चटका बसावा इतके ते गार झाले आणि त्यावर पांढरे दव गोठले. द्रव गार झाला की त्याचा दाबही उतरतो, म्हणून गोळ्या भराभर झाडल्या की पिस्तुलाचा जोर का घटतो, हे तेवढ्याने समजते.

जिफारच्या हत्याराची अडचण नळकांडे पुन्हा भरण्याची होती, कारण ते त्यासाठी कारखान्याकडे पाठवावे लागे. 1950 च्या सुमारास क्रॉसमनने आणलेली पिस्तुले वेगळ्या टाकीतून घरीच भरता येत, आणि त्याच दशकात 12 ग्रॅमचे, वापरून टाकून देण्याचे नळकांडे आल्यावर हा प्रश्न कायमचा मिटला. क्रॉसमनचे खरे श्रेय मी यात मानतो.

आता माझे प्रश्न. पहिला झडपेचा आहे. कार्बन डायऑक्साइड रबरात मुरतो आणि रबर फुगते. मग जिफारच्या झडपेची बैठक, म्हणजे झडप बंद होताना जिच्यावर घट्ट टेकते तो भाग, कशाची होती, चामड्याची, रबराची की आणखी कशाची? सेंट एतिएनच्या कला व उद्योग संग्रहालयात शस्त्रांचा मोठा संग्रह आहे. फ्रान्समध्ये राहणाऱ्या कुणाचे तिकडे जाणे होणार असेल, किंवा कुणाकडे त्या झडपेचा उभा छेद दाखवणारी आकृती असेल, तर कृपया कळवावे.

दुसरा प्रश्न आपल्याकडच्या नेमबाजांना आहे. 31 अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहूच शकत नाही. मग दाब कितीवर जाईल हे नळकांडे किती भरले आहे त्यावर ठरते. म्हणजे विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी जिफारच्या युक्तीचा पायाच नाहीसा होतो. 10 मीटर स्पर्धांतली वायूची पिस्तुले मागे पडून दाबलेल्या हवेची आली, त्यामागे तापमानाचा हा त्रास होताच. आपल्याकडे ज्यांनी वायूच्या पिस्तुलाने सराव केला आहे, त्यांचे छर्रे सकाळी आणि दुपारी लक्ष्यावर किती वरखाली जात? तारीख आणि वेळ लिहिलेली जुनी कागदी लक्ष्ये कुणी जपून ठेवली असतील, तर त्यांची छायाचित्रे इथे द्यावीत. मुलांना मी तीच दाखवीन.