एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८ आलंय, गोळीआधी तीन महिने मिळालेत. काय करू?

कुडाळची वहिनी
नमस्कार. आमच्या ह्यांचं वय ४६, दिवसभर बसून काम. ऑफिसच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २४८, एलडीएल १६८, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ३८ आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) २१० आले. बीपीची गोळी सकाळी चालू आहे, मधुमेह नाही. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं-चालणं सांभाळा, नाही उतरलं तर गोळी सुरू करू.

सासूबाईंनी कुणाचं तरी ऐकून लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर आणि मध घालून काढा सुरू केलाय. ह्यांना जळजळ होते, पण आईला वाईट वाटेल म्हणून मुकाट पितात. अंडी, मासे बंद करायचे का? आणि नारळाचं काय करू? आमच्याकडे त्याच्याशिवाय चूल पेटत नाही. कुणी खरंच औषधाशिवाय खाली आणलंय का?

माडाखालची मावशी
वहिनी, माझं एलडीएल १७२ होतं, आता १३९ आहे. गोळी नाही. प्रत्येकाचं एवढं उतरेलच असं नाही, पण मी काय केलं ते सांगते.

काढा थांबवा. त्याने रक्तवाहिन्या साफ होत नाहीत. लसणाचा थोडाफार उपयोग असेल तर तो फोडणीतूनही मिळू दे. मध म्हणजे शेवटी साखरच, आणि भावोजींचे ट्रायग्लिसराइड्स आधीच चढलेत. सासूबाईंना नुसतं नाही म्हणू नका, त्यांच्या हातची कुळथाची पिठी मागा. त्यांनाही बरं वाटेल आणि ह्यांच्या पोटात कडधान्य जाईल.

आता नारळ. खोबऱ्यात कोलेस्टेरॉल नसतं हे खरं. पण खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास संपृक्त (सॅच्युरेटेड) चरबी असते, आणि ती वाढली की रक्तातलं एलडीएल उचलण्याचं यकृताचं काम मंदावतं. मी नारळ सोडलेला नाही, सोडवणारही नाही. पूर्वी चौघांच्या आमटीला अख्खी कवड जायची, आता तिचा चौथा हिस्सा. कांदा जास्त घेऊन चांगला तांबूस भाजते, धणे भाजते, आणि वाटताना त्यातच मूठभर शिजलेली मसूर टाकते. वाटप दाट होतं आणि जेवणाऱ्याला कळतही नाही. सोलकढी पाहुणे आले की, एरवी फुटी कढी, म्हणजे नारळाशिवायची. स्वयंपाकाचं खोबरेल बंद केलं. शेंगदाणा तेल आणते, तेही महिन्याला माणशी अर्धा लिटर. बाटली संपली की संपली.

मासे मुळीच बंद करू नका. बांगडा, तारली खाऊ दे, फक्त रव्यात तळण्याऐवजी तिरफळं घालून तिखलं करा. आठवड्याला तीन-चार अंड्यांनी बहुतेकांचं बिघडत नाही. बिघडतं ते चहाबरोबरच्या खारी, नानकटाई, फरसाणाने. ऑफिसात चार वाजता काय खातात ते विचारा, घरी सगळं सांभाळून तिथेच घात होतो. शनिवारी ‘बसणं’ होत असेल तर तेही थांबवा, दारूने ट्रायग्लिसराइड्स वाढतात. चहातली साखर आणि रात्रीच्या भाताचा डोंगर दोन्ही कमी करा.

मला सगळ्यात जास्त फळला तो इसबगोल. पाण्यात तो बुळबुळीत होतो ना, ते बुळबुळीतच आतड्यातलं पित्त धरून शौचावाटे बाहेर नेतं. मग यकृताला नवं पित्त करावं लागतं आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. ओट्स, जव यांचंही काम साधारण असंच.

चालायला रोज पाठवा, दम लागेल असं. एलडीएल त्याने फार हलत नाही, पण ट्रायग्लिसराइड्स आणि पोट उतरतं.

कुडाळची वहिनी
मावशी, मसुरीचं वाटप उद्याच करते! चार वाजताचं विचारलं, खारीच निघाली. दोन शंका. आमच्याकडे पामोलीनचं पाकीट येतं, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहिलंय. ते चालेल? आणि बीपीच्या गोळीबरोबर इसबगोल घेतला तर?

औषधवाला कणकवली
ताई, मी फार्मासिस्ट आहे. तेल शेंगदाण्याचं असो की पामचं, वनस्पतीजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे त्या अक्षरांवर जाऊ नका. मागची बाजू वाचा. पाम तेलात जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त असते. बाजारच्या फरसाणातही बहुधा तेच असतं.

मावशींनी सांगितलेलं सगळं करा, पण सोबत टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या. थायरॉइड मंद असेल तर त्यानेही एलडीएल चढतं, मग पथ्य कितीही केलं तरी हवं तसं उतरत नाही. घरात कुणाला पन्नाशीच्या आत हार्ट अटॅक आला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. एलडीएल १९० च्या वर असतं किंवा साहेबांना मधुमेह असता, तर मी तीन महिने थांबा म्हटलंच नसतं. आणि तीन महिन्यांनी गोळी लागलीच तर ती घ्या, पथ्य चालू ठेवून.

‘नैसर्गिक’ म्हणून रेड यीस्ट राइसच्या कॅप्सूल ऑनलाइन मिळतात, त्या आणू नका. त्यातला मुख्य घटक म्हणजे लोव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषधच, रसायन तेच. फक्त किती आहे ते कुणी मोजून दिलेलं नसतं. दुकानात रोज कुणी ना कुणी मागायला येतं आणि मी रोज हेच सांगतो.

इसबगोल औषधाला धरून ठेवू शकतो, म्हणून गोळी आणि तो यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. बीपीची गोळी सकाळी आहे, तर इसबगोल रात्री जेवणाआधी द्या, मोठा ग्लास भरून पाण्यात, आणि फुगायच्या आत प्यायला सांगा. सुरुवात एका चमच्याने. एकदम जास्त घेतला तर पोटात गॅस धरतो आणि माणूस तिसऱ्या दिवशी डबा बाजूला ठेवतो.