चालला नाही त्या रोबोला मार्क किती?

खाडीकाठची मास्तरीण

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिसऱ्या वर्षाचा रोबोटिक्सचा प्रोजेक्टवाला विषय चार वर्षं माझ्याकडे आहे. टर्मवर्कचे (वर्षभराच्या कामाचे) मार्क २५, तोंडीचे २५. यंदा पोरं ४६, गट १२. काम सगळ्यांना एकच: पांढऱ्या फ्लेक्सवर काळ्या पट्टीचा मार्ग, त्यावरून गाडी चालवायची, वाटेत डबा दिसला की थांबायचं, डबा उचलला की पुढे जायचं. अर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड), पिवळ्या बीओ मोटरी, त्यांना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, पट्टीसाठी आयआर म्हणजे इन्फ्रारेड सेन्सर, डब्यासाठी अल्ट्रासॉनिक. नेहमीचंच सामान.

तोंडीच्या दिवशी झालं ते सांगते. लॅबला पूर्वेकडे तीन मोठ्या खिडक्या. सकाळी साडेदहाचं ऊन तिरकं येऊन फ्लेक्सच्या दुसऱ्या वळणावर पडलेलं. सात नंबरच्या गटाची गाडी तिथपर्यंत छान गेली आणि उन्हात शिरताच सरळ निघाली ती खुर्चीच्या पायावर. तीनदा तेच. आदल्या रात्री ट्यूबलाइटखाली हीच गाडी सलग दहा फेऱ्या मारताना मी स्वतः पाहिली होती. सेन्सरची पट्टी त्यांनी झीरो पीसीबीवर (भोकांच्या कोऱ्या बोर्डावर) हाताने सोल्डर केलेली, कोड स्वतःचा. चौथ्या वेळी त्यांच्यातली एक मुलगी काही न बोलता पुढे आली, उन्हाच्या तुकड्यावर ओढणी ताणून धरली, आणि गाडी वळण घेऊन गेली!

बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, ‘असं हात लावून चालत नाही.’ त्यांना दुपारची गाडी पकडायची होती. दिले ११.

तीन नंबरच्या गटाची गाडी चकाचक. लेझरने कापलेलं अ‍ॅक्रिलिक, वायरींना रंगीत नळ्या, एका दमात फेरी पूर्ण. मी विचारलं, केपी, म्हणजे गाडी पट्टीवरून सरकली की किती जोरात वळवायची तो कोडमधला आकडा, २५ का घेतला? गप्प. डावी मोटर कुठल्या पिनवर? चौघं एकमेकांच्या तोंडाकडे. असे तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या हातात पावती थोडीच आहे? त्यांना २३.

तोंडी माझ्या हातात नाही, टर्मवर्क आहे. ते कसं विभागावं म्हणजे पुढच्या वर्षी हे होणार नाही? आणि दुसरं: गटात कुणी किती केलं, हे कसं काढता? मी पोरांनाच एकमेकांना दहापैकी मार्क द्यायला सांगून पाहिलं. सगळ्यांनी सगळ्यांना दहा दिले. एक तर म्हणाला, ‘मॅडम, आमच्या वाडीतलाच तो, त्याला सात कसे देऊ?’

---

लेथवाला काका

माका विचारशात तर सोप्या आसा. वायर काढा.

चेष्टा नाही करत. तीस वर्षं वर्कशॉपमध्ये फिटिंगचे जॉब तपासले. बाहेरून करून आणलेला जॉब कानस मारल्याच्या रेघांवरून कळायचा, पण सिद्ध कसं करणार? मग मी जॉब बाजूला ठेवायचो आणि म्हणायचो, आता एवढीच कड माझ्यासमोर घास. दोन मिनिटांत निकाल. तुमच्याकडेही तसंच करा. गटाला बाहेर पाठवा, एक जंपर (जोडवायर) काढून भलत्या पिनवर लावा, मग त्यांच्यातल्या एकाला एकट्याला आत बोलवा आणि म्हणा, चालव. गाडी चालली नाही तरी हरकत नाही, तो आधी कशाला हात लावतो ते बघा. ज्याने बनवली तो मल्टिमीटर मागतो किंवा लॅपटॉपवर सेन्सरचे आकडे बघायला सिरीयल मॉनिटर उघडतो. ज्याने नाही बनवली तो बॅटरी काढून परत घालतो. प्रत्येकाला पाच मिनिटं पुरतात, आणि कोणी काम केलं तेही त्यातच कळतं. वाडीतल्याला वाडीतल्याने मार्क द्यायची गरजच नाही.

एक आगाऊ सूचना. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जंपरच्या पिना हिरव्या पडतात. निम्मे ‘कोड चुकलाय’ वाले रडे हे लूज काँटॅक्टचे असतात. सामान घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. आणि हे दुरुस्त करणाऱ्या पोराला मार्क द्या, नुसता कोड लिहिणाऱ्यालाच नको.

---

माजी रोबोकॉनी

कॉलेजात असताना रोबोकॉन या रोबोंच्या स्पर्धेच्या टीममध्ये होतो, आता पुण्यात ऑटोमेशनच्या नोकरीत आहे. बालेवाडीला मैदानावर उतरलो तेव्हा आमचा रोबो पहिल्याच मिनिटाला अडकला होता. पण तिथे तीन मिनिटांच्या सामन्यात रिट्राय मागता येतो. तुमच्या तोंडीत तो का नसावा? तीन प्रयत्न, मधे दहा मिनिटं दुरुस्तीला, आणि सर्वांत चांगला धरायचा.

ओढणीवाल्या मुलीबद्दल: तिने उभ्या उभ्या निदान केलं. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं. सेन्सरचा ट्रान्झिस्टर त्यानेच भरून जातो, मग काळी पट्टीही पांढऱ्यासारखी दिसते. कोडमध्ये काळं-पांढरं ओळखायला ५०० असा ठरीव आकडा लिहिलेला असणार, पैजेवर सांगतो. उपाय: एलईडी बंद ठेवून एक रीडिंग घ्या, चालू करून दुसरं घ्या, दोन्हींची वजाबाकी करा. पट्टी त्यांनी स्वतः सोल्डर केलीय, तर एलईडी एका पिनवर घेणं त्यांना अवघड नाही. विकतच्या मॉड्यूलमध्ये तो कायम चालू असतो. थेट उन्हात मात्र वजाबाकीही कामाची नाही, म्हणून भोवती काळ्या चार्टपेपरचा झगा हवाच.

बॅटरीचंही तपासा. दोन १८६५० लिथियम सेल फुल चार्जला ८.४ व्होल्ट देतात, थोड्या फेऱ्यांनी सात-साडेसातवर येतात, त्यातले दोनेक व्होल्ट एल२९८एन स्वतःच खातो. रात्री उतरलेल्या बॅटरीवर जुळवलेला केपी सकाळी फुल चार्जवर जास्त पडतो, गाडी डोलायला लागते.

आता थोडं कडू. चूक तुमचीही आहे, मॅडम. मार्ग दिला, पण उजेड सांगितला नाही. आमच्याकडे मशीन कुठल्या उजेडात, किती तापमानात चालायला हवं हे कागदावर आधी येतं.

विकतच्या गाडीवर जुना तोडगा आहे. एमआयटीत वुडी फ्लॉवर्स यांनी १९७०च्या दशकात डिझाइनचा कोर्स स्पर्धेसारखा उभा केला, त्यात सगळ्यांना सारख्याच सामानाची पिशवी मिळायची आणि त्यातूनच यंत्र बनवायचं असायचं. तुम्ही प्रत्येक बोर्डावर कॉलेजचा शिक्का मारून पिशवी द्या. लेझर कटिंगचा प्रश्नच मिटला.

---

शेवटचा बाक

नाव सांगत नाही, कारण मी तयार प्रोजेक्ट विकत घेतलेल्या गटातला होतो. तुमच्या कॉलेजचा नाही, पण किनाऱ्यावरचाच.

सबमिशनच्या नऊ दिवस आधी ड्रायव्हर जळला. आमच्या गावात तो मिळत नाही, मुंबईहून कुरियरने सात-आठ दिवस. त्याआधी गणपतीत दोन आठवडे कॉलेज रिकामं, माझ्या घरी तर चाकरमानी पंधरा जण, लॅपटॉप उघडायला जागा नव्हती. लॅब पाचला बंद. आमच्यातल्या दोघांची शेवटची एसटी साडेपाचची. मग प्रत्येकी काढले पैसे आणि तयार प्रोजेक्टच घेतला.

समर्थन करत नाही. पण सगळे मार्क एका दिवशीच्या एका फेरीवर होते, आणि ती फेरी विकत मिळत होती. सरांनी ऑगस्टमध्ये नुसती दोन मोटरी फिरणारी कुरूप गाडी बघून पाच मार्क दिले असते, तर आमच्याकडे ती होती. वायरी लोंबत होत्या, एक चाक वाकडं होतं, पण होती. ती कुणी बघायलाच आलं नाही.

---

खाडीकाठची मास्तरीण

सगळ्यांचे आभार. शेवटच्या बाकावरच्या तुझेही, खरंतर तुझेच जास्त.

५०० चा आकडा खरा निघाला. काल सात नंबरच्या गटाला बोलावून रीडिंग घेतली. ट्यूबलाइटखाली पांढऱ्यावर नव्वदच्या आसपास, काळ्यावर सातशेच्या वर. खिडकीपाशी काळ्यावरही दोनशेच्या आत. ती मुलगी म्हणाली, ‘आम्ही रात्रीच टेस्ट करायचो मॅडम, दिवसा लॅबमध्ये दुसऱ्या वर्गाचं प्रॅक्टिकल असायचं.’ म्हणजे हेही माझ्याच वेळापत्रकाचं.

टर्मवर्कचे २५ असे ठरवलेत. गणपतीच्या आधी कुरूप गाडी: ५. दिवाळीच्या आधी उन्हात आणि सावलीत घेतलेल्या रीडिंगचा तक्ता: ५. काकांची वायर, एकेकट्याने: १०. काय बिघडलं, कसं शोधलं, याची तारीखवार वही: ५. गाडी शेवटी पळाली का, याला माझ्याकडून एकही नाही, ते तोंडीत बघतीलच. वहीबद्दल मला शंका आहे, ती पोरं आदल्या रात्री बसून लिहितात, तारखांसकट. म्हणून दर शुक्रवारी सही करणार.

रोबोकॉनी, रिट्रायचं विभागप्रमुखांना सांगितलं, ते परीक्षकांना विचारतो म्हणाले. पिशवीचा खर्च कॉलेज देईल असं वाटत नाही, शिक्का मात्र मारता येईल. जास्तीचे चार ड्रायव्हर कपाटात ठेवायचे पैसे मिळालेत.

लॅबला पडदे लावा असं एका सहकाऱ्याने सुचवलं. नको म्हटलं. उन्हाचा तुकडा पडतो तिथेच दुसरं वळण ठेवणार आहे, आणि तसं पहिल्या आठवड्यातच फळ्यावर लिहिणार.

लॅब सातपर्यंत उघडी ठेवायची परवानगी मागितली आहे. काका, सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर टिकतात की वाळवून परत वापरता येतात?